लहान औद्योगिक रेल्वे लेआउट: बांधून झाला, आता मळवायचा कसा?

रुळवेडी

नमस्कार मंडळी. माझा पहिला लेआउट, म्हणजे मॉडेल रेल्वेची मांडणी, परवा चालता झाला. प्रमाण एचओ, म्हणजे खऱ्याच्या १:८७. फळी १४० × ३० सेंमी, ९ मिमी प्लायची. विषय एक छोटी फाउंड्री (लोखंड ओतायचा कारखाना). तीन साइडिंग (वाघिणी उभ्या करायचे बाजूचे रूळ), दोन सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा), चार चाकांचं एक डिझेल शंटर (वाघिणी हलवणारं लहान इंजिन) आणि आठ वाघिणी (मालडबे). मांडणी इंग्लनूकची, म्हणजे वाघिणी ठरलेल्या क्रमाने लावायच्या शंटिंगच्या खेळाची: एका साइडिंगवर पाच वाघिणी मावतात, बाकीच्या दोन्हींवर तीन-तीन, आणि हेडशंटवर (इंजिनाला मागेपुढे करायला ठेवलेल्या रुळावर) इंजिन अधिक तीन.

शंटिंगला मजा येते, पण दिसायला सगळं नुकतंच खोक्यातून काढल्यासारखं आहे. विटा लालभडक, रूळ चांदीसारखे, आणि वाघिणी प्लास्टिकच्या आहेत हे खोलीच्या दारातूनच कळतं. वेदरिंगचे (मॉडेल वापरलेलं, मळकं दाखवण्याचे) व्हिडिओ बघून गोंधळ वाढला. कोणी पावडर चोळतं, कोणी तैलरंग लावतं, कोणी एअरब्रशशिवाय बोलतच नाही.

सुरुवात कशापासून करू? आणि किती मळवलं म्हणजे पुरे? वाघिणी एकेक करून जमवल्यात, एकही वाया जायला नको.

दुसरी अडचण: हळू चालवलं की इंजिन दुसऱ्या सांध्यावर हटकून थांबतं. बोटाने ढकललं की निघतं.

सिग्नल_हिरवा

वा! धागा आवडला. फोटो टाका की ताई.

नऊ मिलिमीटर

आधी दुसरा प्रश्न सोडवा, मग पहिल्याला हात घाला. रंग आणि खडी एकदा बसली की तारा जोडणं जिवावर येतं.

तुमच्या सांध्याचा फ्रॉग, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो व्ही आकाराचा भाग, प्लास्टिकचा आहे का? असेल तर तिथे वीज नाही. लांब इंजिनाची बाकीची चाकं मागेपुढे वीज घेत राहतात, म्हणून ते निघून जातं. चार चाकांच्या शंटरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, जेमतेम ३० मिमी. एक चाक मेलेल्या फ्रॉगवर आणि दुसऱ्याखाली जरा धूळ, की संपलं.

उपाय तीन. धातूचा फ्रॉग असलेला सांधा बसवा आणि फ्रॉगची वीज सांध्याबरोबर बदलेल असा स्विच द्या. किंवा डीसीसी (रुळातूनच इंजिनाला हुकूम देणारी डिजिटल पद्धत) असेल तर इंजिनात स्टे-अलाइव्ह कपॅसिटर घाला, तो क्षणभर पुरेल एवढी वीज साठवतो. आणि काहीही केलंत तरी रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची तार द्या. जोडपट्टीवर विसंबू नका. आज ती वीज नेते, पण खडीचा गोंद आत शिरला की सहा महिन्यांनी नेईनाशी होते.

रुळवेडी

@सिग्नल_हिरवा, टाकते संध्याकाळी.

@नऊ मिलिमीटर, पहिला सांधा धातूच्या फ्रॉगचा आहे, दुसरा प्लास्टिकचा. म्हणजे तिथेच पाणी मुरतंय. दुसरा बदलते. तारा चारच ठिकाणी जोडल्या होत्या, त्याही वाढवते.

जुना फिटर

ताई, मी नोकरीतली बरीच वर्षं कारखान्याच्या साइडिंगवर काढली आहेत. वाघिणींची ब्रेकची कामं करायचो. मॉडेल फार थोडी केली, पण मळ भरपूर पाहिला, म्हणून लिहितोय.

मळ सगळीकडे सारखा नसतो. तो कामामागून येतो. आधी तुमच्या फाउंड्रीत काय येतं आणि काय जातं ते ठरवा. क्युपोला भट्टी (लोखंड वितळवायची उभी भट्टी) असेल तर कोक येणार, चुनखडी येणार, भंगार आणि पिग आयर्न (कच्चं लोखंड) येणार, साच्यांसाठी वाळू येणार. बाहेर जाणार ओतीव माल. आता प्रत्येक वाघिणीला एकच काम द्या आणि मग बघा.

भंगाराची वाघीण आतून बघाल तर मळकी कमी, ओरबाडलेली जास्त. वरून लोखंड आदळतं. तळाला आणि भिंतींना पोचे, रंग उडालेला, खरवडलेल्या जागी उघडा पत्रा चमकतो आणि बाजूला जुना गंज. बाहेरून भिंतींना आतून बाहेर आलेले फुगवटे. चुनखडीच्या वाघिणीला कडांवर पांढुरका थर बसतो आणि पाऊस पडला की त्याचे ओघळ खाली येतात. कोक वजनाला हलका, म्हणून त्याच्या वाघिणीच्या भिंती उंच. तिथे काळी-करडी भुकटी रिवेटच्या वरच्या कडांवर साठते. खालच्या कडेला नाही, वरच्या. धूळ वरून पडते ना.

आणि सगळ्यांत सारखी गोष्ट म्हणजे चाकांजवळचा भाग. ओतीव लोखंडाचे ब्रेक ब्लॉक घासून जी भुकटी उडते ती लगेच गंजते. म्हणून खालची फ्रेम, ॲक्सल बॉक्सच्या (चाकाच्या आसाचं टोक बसतं त्या पेटीच्या) आजूबाजूचा भाग आणि वाघिणीची टोकं लालसर तपकिरी असतात. चाकाची बाजू तेलकट काळपट, पण रुळावर चालणारा पट्टा आरशासारखा. त्या पट्ट्याला रंग लावू नका.

तैलरंगी

जुना फिटर, साष्टांग. वाचनखूण साठवली.

ताई, हे सगळं करायला तीन ट्यूब पुरतात: बर्न्ट अंबर, बर्न्ट सिएना आणि पांढरा. चित्रकाराचे साधे तैलरंग. पुठ्ठ्यावर थोडा रंग काढून तासभर ठेवा, जास्तीचं तेल पुठ्ठा शोषून घेतो. मग वाघिणीवर सुईच्या टोकाएवढे ठिपके द्या, रिवेटच्या ओळीखाली, दरवाज्याच्या बिजागरीखाली. सपाट ब्रश व्हाइट स्पिरिटमध्ये (तैलरंग पातळ करायच्या द्रवात) बुडवा, फडक्यावर जवळजवळ कोरडा करा आणि वरून खाली ओढा. फक्त वरून खाली. ठिपक्याचा ओघळ होतो. जास्त झाला तर पुन्हा ओल्या ब्रशने पुसून घ्या. तैलरंग दिवसभर तरी ओला राहतो, म्हणून चूक दुरुस्त करायला वेळ मिळतो. नवशिक्यासाठी याहून सुरक्षित काही नाही.

पण आधी पारदर्शक व्हर्निशचा थर हवा. नाहीतर रंग मूळ पृष्ठभागात मुरतो आणि पुसला जात नाही.

पावडरप्रेमी

नाही पटलं. पहिल्याच लेआउटला व्हाइट स्पिरिट हातात देऊ नका. सॉफ्ट पेस्टलच्या कांड्या सँडपेपरवर घासून पावडर करा आणि मऊ ब्रशने लावा. नाही आवडलं तर ओल्या कापसाने पुसून टाका. वास नाही, वाळवणं नाही. जुना फिटर म्हणतायत ती ब्रेकची भुकटी ही खरोखर भुकटीच आहे. ती भुकटीनेच दाखवावी, ओल्या रंगाला ते कोरडेपण येत नाही.

तैलरंगी

दिसायला पावडर उत्तम, मान्य. पण वाघीण हातात धरली की बोटांचे ठसे. टिकवायची म्हणून वरून मॅट व्हर्निश मारलं की निम्मी पावडर गायब! जे गडद, खडबडीत वाटत होतं ते ओलं होऊन फिकं पडतं.

पावडरप्रेमी

म्हणून थर दोनदा द्यायचा. पहिला थर हवा त्याहून गडद, त्यावर दुरून मॅट व्हर्निशचा हलका फवारा, मग दुसरा थर तसाच मोकळा. आणि शंटिंग करताना वाघीण हातात घ्यायचीच कशाला? इंग्लनूकमध्ये सगळं काम इंजिन करतं.

मळवटकर

थोडं अवांतर. वेदरिंगला आपला शब्द काय? ‘जुनवणं’ कसा वाटतो?

सिग्नल_हिरवा

जुनवणं छान. पण वाघीण जुनी असेलच असं नाही. सहा महिन्यांची वाघीणही भंगार वाहून पार रया गेलेली दिसू शकते. रुळवेडीताईंनी शीर्षकात ‘मळवणं’ लिहिलंय, तेच नेमकं आहे.

जुना फिटर

आम्ही ‘कामावरची वाघीण’ म्हणायचो. नुकती रंगून आलेली ती ‘कोरी’, बाकी सगळ्या कामावरच्या.

मळवटकर

‘कामावरची’! हाच घ्या.

एकमार्गी

मी जरा उलटं बोलतो. सगळंच मळवलं पाहिजे असं का? माझ्या लेआउटवर कोऱ्या वाघिणी आहेत आणि मला त्या तशाच आवडतात. रंगसंगती, अक्षरं, बारीक रेघा, बनवणाऱ्याने किती मेहनत घेतलेली असते. त्यावर तपकिरी थर चढवायला माझा हात धजावत नाही. शिवाय हल्ली बघितलेल्या बऱ्याच लेआउटवर सगळंच एकाच गंजात बुडवून काढल्यासारखं असतं. तेही खोटंच की.

तैलरंगी

शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन. आठच्या आठ वाघिणी एका बैठकीत, एकाच रंगाने करू नयेत. ताई, एक वाघीण कोरीच ठेवा, तिच्यामुळे बाकीच्या सात उठून दिसतील.

खडीवाला

सगळे वाघिणींवरच बोलताय, जमिनीचं काय? मी आधी जमीन करा म्हणेन. मळलेली वाघीण स्वच्छ रुळावर उभी केली की उलट जास्त खोटी दिसते.

कारखान्याच्या साइडिंगवर मेन लाइनसारखी स्वच्छ करडी खडी नसते. राख, कोळशाची भुकटी, सांडलेला माल आणि माती वर्षानुवर्षं साचून स्लीपर जवळजवळ बुडालेले असतात. फाउंड्री असेल तर साच्यांची वापरलेली वाळू काळी असते, कारण तिच्यात कोळशाची पूड मिसळतात. ती दारासमोर पसरलेली दाखवा.

माझी पद्धत अशी. आधी रुळांच्या बाजू गडद तपकिरी रंगवायच्या. केशरी नको. ताजा गंज केशरी असतो, जुना जवळजवळ चॉकलेटी. रंग ओला असतानाच रुळाचा माथा पुसून घ्यायचा, आणि सांध्याच्या हलत्या पात्यांपासून लांब राहायचं. मग बारीक चाळलेली माती, राख किंवा टाइल-ग्राउटची पूड स्लीपरांमध्ये पसरायची, ब्रशने बसवायची, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बारीक फवारा मारायचा. त्यावर ड्रॉपरने पांढरा गोंद, एक भाग गोंद आणि तीन-चार भाग पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. थेंब टाकल्याशिवाय पाणी मातीवर मोत्यासारखं गोळा होऊन बसतं आणि मातीला सोबत घेऊन पळतं. ग्राउट असेल तर गोंद आणखी कमी, ते पाण्यानेच धरतं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. बाहेरची माती-वाळू वापरणार असाल तर ती पसरण्याआधी कागदावर पातळ करा आणि वरून पिशवीत गुंडाळलेलं चुंबक चार वेळा फिरवा. काळ्या केसांसारखे कण चिकटून येतील. ते लोहाचे कण. मी हे केलं नव्हतं. इंजिनाच्या मोटरीतल्या चुंबकाने ते रुळावरून उचलले आणि दीड महिन्यात मोटर करकरायला लागली. उघडली तर आत काळी दाढी उगवलेली.

रुळवेडी

बाप रे, चुंबकाचं कधीच सुचलं नसतं. आत्ताच कुंडीतल्या मातीवर फिरवून बघितलं. खरंच चिकटतंय!

खडीवाला, माझे रूळ कोड १०० चे आहेत. फार उंच दिसतात. आता बदलणं शक्य नाही.

खडीवाला

कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागात. कोड १०० म्हणजे २.५४ मिमी. ८७ ने गुणलं तर २२१ मिमी. आणि मेन लाइनचा ६० किलोचा जाडजूड रूळसुद्धा १७२ मिमीचा! म्हणून खटकतं. कोड ७५ असते तर साधारण १६५ मिमी झाले असते.

पण तुमचं औद्योगिक साइडिंग आहे, हे भाग्य समजा. जमीनच वर आणा. स्लीपर पूर्ण बुडवा, रुळाचा पायही बुडवा, रुळाची अर्धीच बाजू दिसू द्या. लोडिंगच्या जागी रूळ काँक्रीटमध्ये बुडालेले दाखवा. मात्र आतल्या बाजूने चाकाच्या फ्लँजसाठी (बाहेर आलेल्या कडेसाठी) खोबण सोडा, आणि काँक्रीट रुळाच्या माथ्यापेक्षा केसभर खालीच ठेवा, नाहीतर रूळ पुसताना दर वेळी काँक्रीट खरवडलं जाईल. भरण ओलं असताना एक वाघीण हाताने पुढे-मागे फिरवा, चाकच खोबण तपासून देतं. नंतर चाकं लगेच पुसायची.

नऊ मिलिमीटर

+१. आणि सांध्याच्या पात्यांजवळ गोंद घालू नका, तिथे जमीन फक्त रंगवा. पात्यांखालच्या पट्ट्या तेलकट काळ्या दाखवल्या की काम झालं. खऱ्या सांध्यांवरही तिथे वंगण असतं.

काचबिंदू

माझा एक वाईट अनुभव, म्हणजे दुसऱ्या कोणाचं नुकसान व्हायला नको. दोन फटके बसले. पहिला: मॅट व्हर्निश दिलेल्या वाघिणीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कालवलेला वॉश (अगदी पातळ रंग) लावला आणि सगळीकडे पांढरी धुकट साय आली. घाबरून धुतली, आणखी वाढली. शेवटी पुन्हा एक मॅट थर मारल्यावर बरीचशी नाहीशी झाली. दुसरा फटका मोठा. चाकं बसवलेली असतानाच खालच्या फ्रेमवर पातळ इनॅमल वॉश सढळ हाताने सोडला. ॲक्सलमुळे तिथलं प्लास्टिक ताणाखाली असतं. थिनर फटीत शिरला, आणि सकाळी बघतो तर दोन ॲक्सल बॉक्स तडकलेले. तेव्हापासून चाकं काढल्याशिवाय वॉश नाही, आणि वॉशचं डबकं तर कुठेच साचू देत नाही.

म्हणून ताई, आधी एखादी मोडकी वाघीण घ्या आणि तिच्यावर हात बसवा.

पावडरप्रेमी

म्हणूनच पावडर म्हणत होतो :)

काचबिंदू

पावडरचंही सांगतो. इंजिनावर लावताना खालून फुंकर मारू नका. चाकांवरून वीज घेणाऱ्या पट्ट्यांवर पावडर आणि तेल यांचा चिखल होतो, आणि मग इंजिन फ्रॉग नसलेल्या जागीही थांबतं.

एकमार्गी

जाता जाता, इंग्लनूकबद्दल. ही मांडणी ॲलन राईट यांची. आठ वाघिणींतून चिठ्ठ्या टाकून पाच निवडायच्या आणि त्याच क्रमाने गाडी लावायची. क्रमासकट मोजलं तर ८ × ७ × ६ × ५ × ४, म्हणजे ६,७२० वेगवेगळ्या गाड्या. दीड मीटरहून कमी फळीत! आणि इथेच मला जुना फिटर यांचं म्हणणं लागू पडताना दिसतं. आठही वाघिणी सारख्या असतील तर खेळताना नंबर वाचत बसावं लागतं. प्रत्येकीचा मळ वेगळा असेल तर लांबूनच कळेल, ही चुनखडीची, ही भंगाराची. या कारणासाठी मी माझ्याही मळवेन कदाचित.

तैलरंगी

एकमार्गी, या पक्षात स्वागत आहे.

अजून एक, रंगांबद्दल. निखळ काळा आणि निखळ पांढरा वापरू नका. लांबून बघितलं की हवेमुळे रंग फिकटतात, आणि लेआउट म्हणजे लांबून बघितलेलं जग. काळ्याऐवजी गडद करडा, पांढऱ्याऐवजी मातकट पांढरा. लालभडक विटांवरही हाच इलाज: पातळ करड्या-तपकिरी रंगाचा एक हात सगळीकडे, वाळल्यावर चार-पाच विटा वेगळ्या छटेत. भट्टीच्या बाजूच्या भिंतीला वरून काजळी.

रुळवेडी

मंडळी, तीन आठवड्यांनी परत आले. आधी हिशेब देते.

सांधा बदलला, फ्रॉगला स्विच दिला, रुळाच्या प्रत्येक तुकड्याला तार. इंजिन आता मुंगीच्या चालीने दोन्ही सांधे ओलांडतं. हे सगळं खडीआधी केलं, नऊ मिलिमीटर यांचे आभार.

जमीन खडीवाला यांच्या पद्धतीने. स्लीपर बुडवले, फाउंड्रीच्या दारासमोर काळी वाळू. रूळ खरंच बुटके दिसायला लागले. गोंद वाळायला दोन दिवस लागले, आणि पहिल्या रात्री सगळं इतकं गडद दिसत होतं की रडू आलं. पूर्ण वाळल्यावर रंग उजळला.

मग मोडक्या वाघिणीवर सराव, आणि शेवटी भंगाराची वाघीण. आतला रंग काढायला ब्लेडच्या पाठीने ओरखडे दिले, त्यात गडद तपकिरी, आणि सगळ्यांत वर पेन्सिलीच्या शिशाने फक्त ओरखड्यांच्या कडा घासल्या. शिशाची ती लोखंडी चमक! बाहेर तैलरंगाचे ओघळ, खाली फ्रेमवर लालसर पावडर. चाकं आधी काढून ठेवली होती. म्हणजे तैलरंगी आणि पावडरप्रेमी दोघंही एकाच वाघिणीवर नांदतायत.

सगळ्यांत जास्त वेळ चुनखडीच्या वाघिणीने खाल्ला. पहिल्यांदा ओघळ सगळीकडे सारख्या अंतरावर आले, कंगव्याने ओढल्यासारखे. पुसून टाकले. मग जुना फिटर यांचं वाक्य आठवलं आणि आधी कडेवर धूळ ‘सांडली’, जिथे जास्त सांडली तिथूनच ओघळ खाली आणले. तेव्हा कुठे जमलं. दरवाज्यापाशी तीन ओघळ जाड आहेत, टोकाला एकच बारीक.

चार झाल्या, तीन बाकी. आठवी, ओतीव माल नेणारी सपाट वाघीण, कोरी ठेवणार आहे.

जुना फिटर

फोटो मोठा करून बघितला. चुनखडीची वाघीण मी ओळखतो, तिच्या ब्रेकवर काम केलंय असं वाटलं.

एकच सुचवतो. दरवाज्याच्या कडीभोवती आणि ब्रेकच्या दांड्याच्या टोकाला मळ कमी करा, आणि तुमची ती शिशाची पेन्सिल तिथे लावा. रोज माणसाचा हात लागतो तिथे.

रुळवेडी

काका, हे आज रात्रीच करते. कडी दीड मिमीची आहे, भिंग काढून ठेवलंय.